वडाप

"गाडीत त्या दिवशी किती जण होते?"

"तिघं."

"तुम्ही धरून?"

"धरून."

"बाकीचे दोघं तुमचे कोण?"

शिवानंद कलशेट्टीनं गाडीकडे पाहिलं. गॅरेजच्या पत्र्याखाली ती उभी होती. बॉनेट दुमडून काचेपर्यंत आलं होतं आणि डावीकडचा दिवा नुसत्या वायरीला लोंबत होता. मागच्या सीटवर शेंगाचटणी सांडून वाळली होती. दार उघडलं की लसणाचा वास अंगावर येई.

"कोण म्हणजे... ओळखीचे."

"नातेवाईक?"

"नाही."

"शेजारी? एका ठिकाणी कामाला?"

"नाही."

"मग?"

त्या दोघांना शिवानंद मनातल्या मनात 'सोमवारची माणसं' म्हणायचा. हे समोरच्या तरुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

तरुणाचं नाव प्रदीप. विमा कंपनीनं चौकशीसाठी पाठवलेला माणूस. आधी सर्व्हेअर येऊन गाडीचे फोटो काढून, काय काय मोडलंय ते लिहून गेला होता. दहाएक दिवसांत कंपनीचं उत्तर येईल असं तो म्हणाला होता. उत्तराऐवजी प्रदीप आला. उद्धट नव्हता. उन्हातून मोटारसायकलवर आल्यानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता, आणि आपल्याला हे विचारावं लागतंय याचं त्यालाच थोडं अवघडल्यासारखं होत होतं.

"काका, स्पष्ट विचारतो, राग मानू नका. वडाप करता का तुम्ही?"

"मी?"

"सीटमागं पैसे घेऊन माणसं बसवायची. पुष्कळ जण करतात. पण तुमची पॉलिसी प्रायव्हेट गाडीची आहे. भाड्यानं चालवली तर क्लेम बसत नाही."

"पैसे नाही घेत मी."

"कधीच?"

"कधीच नाही."

प्रदीपनं मान हलवली. खिशातून रुमाल काढून मान पुसली. "मी परवा वळसंगच्या स्टॉपवर चहा प्यालो. टपरीवाला म्हणाला, सोमवारची पांढरी गाडी ठरलेली. सोलापूरहून रिकामी येते, वळते, माणसं घेते आणि जाते. तुमचं वळसंगला काय काम असतं?"

शिवानंदनं लोंबणारा दिवा उचलून बॉनेटवर टेकवला. मग म्हणाला, "काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काम काही नसतं."

"काका," प्रदीप हळू आवाजात म्हणाला, "रिकामी गाडी घेऊन तिथपर्यंत जायचं, अनोळखी माणसं बसवायची, सोलापुरात आणून सोडायची आणि एक पैसा घ्यायचा नाही. हे मी लिहून पाठवलं, तर साहेब मलाच विचारतील, तू काय घेतलंस म्हणून."

*

सोलापुरात सात रस्ता चौकाजवळच्या एका चष्म्याच्या दुकानात शिवानंद पंचवीसेक वर्षं कामाला होता. पुढच्या काउंटरवर मालक आणि दोन मुली बसत. मागच्या अरुंद खोलीत मशिनीवर काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम त्याचं. गिऱ्हाईक त्याच्यापर्यंत कधी येत नसे. काचा यायच्या, चष्मा होऊन जायच्या. पुढं काय हसणं-बोलणं चाललंय ते मशिनीच्या आवाजात त्याला नीट ऐकू येत नसे.

घरी तो आणि त्याची आई, चंद्रव्वा. शुक्रवार पेठेत वरच्या मजल्यावर दोन खोल्या. बहिणीचं लग्न होऊन ती विजापूरला गेली. त्याच्यासाठीही स्थळं आली होती. पण आधी वडिलांचं आजारपण, मग बहिणीचं लग्न, मग आईचे गुडघे, असं करता करता त्याचं राहूनच गेलं. पुढं पुढं कुणी विचारेनासं झालं, आणि त्यालाही त्याचं काही वाटेनासं झालं.

गाडी घेतली ती आईसाठी. चंद्रव्वाला एस.टी.ची पायरी चढवत नव्हती, रिक्षात पाय दुमडून बसवत नव्हतं. सोमवार तिचा वार, आणि दुकानाची सुट्टीही सोमवारीच. लग्नाआधीचं तिचं सगळं आयुष्य अक्कलकोट रोडच्या बाजूला गेलेलं, त्यामुळे त्या रस्त्याला लागलं की तिला बरं वाटे. शिवानंदनं जुनी, पण चांगली ठेवलेली पांढरी गाडी पाहून घेतली. चंद्रव्वा पुढच्या सीटवर डोक्यावरून पदर घेऊन ताठ बसायची आणि दिसेल त्या शेताचा मालक कोण, त्याच्या घरात कुणाचं कुणाशी वाकडं, ते कन्नडात सांगत राहायची. एखाद्या झाडाखाली थांबून दोघं भाकरी खात आणि परत येत.

विमा काढून दिला तो दाक्षायणीनं. सात रस्त्यावरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात तिचं टेबल होतं. तिचा चष्मा शिवानंदनंच बसवलेला, म्हणून ओळख. तिनं खुर्ची ओढून त्याला बसवलं होतं आणि शाळेतल्या बाईंसारखं समजावून सांगितलं होतं.

"बघा काका, थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर. ते कायद्यानं घ्यावंच लागतंय. पण तेवढंच घेतलं, तर तुमची गाडी मोडली की तुम्हाला काही मिळत नाही. म्हणून मी कॉम्प्रिहेन्सिव्ह सांगते. त्यात तुमची गाडी पण आली. धडक झाली, चोरीला गेली, आग लागली, पुरात बुडाली, झाड पडलं, दंगलीत काचा फुटल्या, सगळं आलं."

"सगळं?"

"सगळं म्हणजे, जुन्या पार्टचे पूर्ण पैसे मिळणार नाहीत, घसारा कापतात. तुमच्या गाडीचं वय झालंय, त्यामुळं घसारा न कापणारी झिरो डेप पॉलिसी देत नाहीत. आणि दारू पिऊन चालवली, लायसन नसलं, किंवा गाडी भाड्यानं लावली, तर नाही मिळत."

"माझ्या गाडीत भाड्यानं कोण बसतंय?" शिवानंद म्हणाला होता, आणि दोघंही हसले होते.

चंद्रव्वा गेली त्या वर्षी पॉलिसीचं नूतनीकरण करताना दाक्षायणीनं जपून विचारलं होतं, "काका, बसणाऱ्यांचं जादा कव्हर घातलंय आपण, आजींसाठी म्हणून. आता काढून टाकू का? तुम्ही एकटेच असता."

"राहू दे," शिवानंद म्हणाला होता.

आई गेल्यावर पहिल्या काही सोमवारी तो घरीच थांबला. कपडे धुतले, स्टोव्हची वात बदलली, दुपारी झोपला. संध्याकाळी उठला तेव्हा सबंध दिवसात आपण तोंडातून एक शब्द काढलेला नाही हे त्याच्या लक्षात आलं. पुढच्या सोमवारी त्यानं गाडी काढली आणि सवयीनं अक्कलकोट रोडला लागला. शेजारची सीट रिकामी होती. वळसंगला पोचल्यावर त्याला पुढं जायचं काही कारण दिसेना, म्हणून त्यानं गाडी वळवली.

तिथं स्टॉपवर एक म्हातारी दोन मोठे डबे पायाशी ठेवून उन्हात बसली होती. नुकतीच एक एस.टी. भरून, न थांबता निघून गेली होती. म्हातारी तिच्या धुरळ्याकडं बघत शिव्या देत होती, आणि तिचा आवाज ऐकून शिवानंदचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"सोलापूर का?" त्यानं विचारलं.

"व्हय. कितीला?"

"काही नको. चाललोच आहे."

तिनं त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "कुनाचा रं तू?"

"कलशेट्टी. शेताला आलो होतो," शिवानंद म्हणाला. हे खोटं त्याच्या तोंडून इतकं सहज निघून गेलं की त्यालाच आश्चर्य वाटलं.

ती गिरिजाबाई. बचत गटातल्या बायका मिळून शेंगाचटणी आणि कडक भाकरी करायच्या, आणि दर सोमवारी गिरिजाबाई तो माल सोलापुरातल्या दोन दुकानांत पोचवायची. त्या दिवशी ती मागच्या सीटवर दाराची कडी घट्ट धरून बसली. सोलापूर येईपर्यंत तिची दोन्ही पोरं, सुना, गटातली भांडणं आणि चटणीत तिखट कमी घाला म्हणणारा दुकानदार, सगळं सांगून झालं होतं. उतरताना म्हणाली, "बरं झालं बग तम्मा, भेटलास." धाकट्या भावाला हाक मारावी तसं तिकडं कुणालाही तम्मा म्हणतात, हे शिवानंदला माहीत होतं. तरी तो शब्द घेऊन तो घरी आला.

पुढच्या सोमवारी तो तिथं होता. त्याच्या पुढच्याही. काही दिवसांनी हरिदास येऊ लागला. वळसंगचाच, सोलापुरातल्या एका दवाखान्यात वॉर्डबॉय, रिटायर व्हायला थोडी वर्षं राहिलेला. तो 'जय भीम, शिवानंदराव' म्हणत पुढच्या सीटवर बसायचा आणि बसल्या बसल्या गिरिजाबाईची खोड काढायचा.

"मावशी, चटणीत मीठ जास्त झालंय म्हणं औंदा. आमच्या दवाखान्यात बीपीचे पेशंट वाढलेत."

"तुज्या दवाखान्यात मानूस चालत जातंय आन् आडवं हून येतंय. मला नको सांगू."

शिवानंद हसायचा. मध्येच एखादं वाक्य बोलायचा. ते दोघं थांबून ऐकायचे, उत्तर द्यायचे. गिरिजाबाई विचारायची, "काल काय जेवलास?" तो सांगायचा, "भात-आमटी." "आन् परवा?" "भात-आमटी." "आरं, मानूस हायस का कावळा?" पुढच्या खेपेला ती त्याच्यासाठी कडक भाकऱ्या फडक्यात बांधून आणायची.

त्यानं पैसे कधी मागितले नाहीत आणि त्यांनी कधी दिले नाहीत. हरिदासनं एकदा पाकीट काढलं, तेव्हा शिवानंद इतका गोरामोरा झाला की हरिदासनं ते परत खिशात घातलं. 'शेताला' तो दर सोमवारी कसा येतो, पेरलंय काय, याची चौकशी ते करत. शिवानंद कधी ज्वारी सांगायचा, कधी तूर. सोमवार संपला की तो पुढच्या सोमवारसाठी पिकाची माहिती जमवायचा. दुकानातल्या मालकाच्या गावाकडचा एक नातेवाईक आला, की त्याला मुद्दाम विचारून घ्यायचा.

असं दोन-अडीच वर्षं चाललं.

*

अपघात फार मोठा नव्हता. कुंभारीच्या अलीकडे एक म्हैस काटेरी झुडपातून एकदम रस्त्यावर आली. शिवानंदनं गाडी डावीकडं ओढली आणि ती पुलाच्या कठड्यावर आदळली. हरिदासनं डॅशबोर्डवर हात टेकवला होता, तो मनगटात मोडला. गिरिजाबाईच्या कपाळाला टेंगूळ आलं आणि दोन्ही डबे उघडून चटणी गाडीभर झाली. तिच्या केसांत, हरिदासच्या शर्टावर, छतालासुद्धा. आजूबाजूची माणसं धावत आली तेव्हा तिघांचेही डोळे तिखटानं वाहत होते. कुणाला किती लागलंय ते कुणालाच कळेना.

म्हैस शांतपणे पलीकडे निघून गेली.

दाक्षायणी गॅरेजवर आली होती. "काळजी करू नका काका, अपघात आहे, कव्हर आहे," ती म्हणाली होती. ते जादा कव्हर मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तरच असतं, हरिदासच्या मोडलेल्या हाताला लागू होत नाही, हेही तिनं सांगितलं. पण त्याच्यावर त्याच्याच दवाखान्यात उपचार झाले आणि त्यानं पुढं भरपाईचं काही काढलं नाही. प्रदीपला त्यानं सरळ सांगितलं, "पैसे? छे हो. या माणसाला पैशाचं नाव काढलं तर रडायला येतंय."

प्रदीपनं ते लिहून घेतलं. तेवढ्यानं भागणार नव्हतं. मागच्या सीटवर चटणीचे डबे होते, म्हणजे धंद्याचा माल होता. त्या बाईंचा जबाब हवा होता.

"घर माहीत आहे का तुम्हाला?" त्यानं शिवानंदला विचारलं.

"नाही. स्टॉपवरच भेटायचो."

"चला माझ्याबरोबर. शोधू."

शिवानंद त्याच्या मोटारसायकलवर मागं बसला. वाटेत प्रदीप वाऱ्यात ओरडून म्हणाला, "काका, एक सांगू? तुम्ही तिकडं का जायचात ते मला लागेल. शेत आहे असं टपरीवाला म्हणत होता. शेत आहे असं लिहू का?"

"शेत नाही."

"मग काय लिहू?"

शिवानंद त्याच्या कानाजवळ वाकला. एवढं जोरात सांगायची ही गोष्ट नव्हती, पण वाऱ्यात दुसरा उपाय नव्हता. "बोलायला कुणी नसतंय घरी," तो ओरडला. "म्हणून जायचो."

बऱ्याच वेळानं प्रदीपनं गाडीचा वेग कमी केला, जणू काही विचारणार होता, मग परत वाढवला.

*

गिरिजाबाईच्या घरासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये गटाचं काम चालू होतं. एक बाई शेंगदाणे भाजत होती, दोघी उखळात कुटत होत्या. कपाळाची पट्टी अजून न काढलेली गिरिजाबाई लसूण सोलत बसली होती. शिवानंदला पाहून ती उठलीच.

"आरं तम्मा! लागलं न्हाय न्हवं तुला? हात बगू."

शिवानंदनं दोन्ही हात पुढं करून दाखवले. तिनं ते उलटसुलट करून पाहिले. बायका बघत होत्या. गटाची अध्यक्ष गोजाबाई, धिप्पाड आणि कमी बोलणारी, हातातलं पातेलं खाली ठेवून जवळ आली. "कसली चौकशी हाय?"

प्रदीपनं सांगितलं. विम्याचं काम आहे, दोन प्रश्न आहेत, घाबरायचं कारण नाही. मग गिरिजाबाईकडे वळून त्यानं विचारलं, "मावशी, तुम्ही दर सोमवारी यांच्या गाडीतनं जायचात?"

"व्हय की."

"यांना काय द्यायचात?"

गिरिजाबाईचे हात सोललेल्या पाकळ्यांवर थांबले.

"म्हणजे फुकट जायचात ना?" प्रदीपनं तिला मदत व्हावी म्हणून विचारलं. त्यानं ते खरोखर चांगल्या हेतूनंच विचारलं, हे शिवानंदला दिसत होतं.

"फुकट कसं?" गोजाबाई म्हणाली. "तिकिटाचं पैसं गटातनं न्हेतीय की ती. दर सोमवारी. जायाचं बी आन् यायाचं बी."

उखळातला आवाज बंद पडला. भाजणाऱ्या बाईनंही उलथनं बाजूला ठेवलं. शेडमध्ये शेंगदाण्यांची टरफलं तेवढी वाऱ्यानं सरकत होती. शिवानंदला त्या बायकांचे चेहरे दिसत होते. अजून कुणी काही बोललं नव्हतं, पण आता कुठल्याही क्षणी कुणीतरी बोलणार होतं. गिरिजाबाई त्याच्याकडे बघत नव्हती. ती समोरच्या लसणाकडे बघत होती. तिची मान, जी गाडीत सतत इकडून तिकडं फिरत असे, ताठ झाली होती.

"देत हुते की," ती म्हणाली. आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. "मी कुनाचं फुकट घेत न्हाय. एश्टीचं तिकीट असतंय तेवढं दर खेपंला हातावर ठेवत हुते. त्याचं पेट्रोल काय आभाळातनं पडतंय?"

गोजाबाईनं शिवानंदकडे पाहिलं. सगळ्याच बायकांनी पाहिलं.

प्रदीपनंही पेन थांबवून त्याच्याकडे पाहिलं. "काका, तुमचं काय म्हणणं आहे? देत होत्या?"

शिवानंदच्या मनात त्या वेळी गाडी आली नाही. नंतर त्यानं पुष्कळदा आठवून बघितलं, खरंच आली नाही. त्याच्या डोळ्यांसमोर होती ती पट्टी बांधलेली म्हातारी आणि तिच्याभोवतीच्या, उद्या सकाळीही इथंच बसणाऱ्या बायका.

"देत होत्या," तो म्हणाला.

"नीट विचार करून सांगा. याचा अर्थ काय होतो ते कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय. द्यायच्या त्या. दर खेपेला."

उखळात पुन्हा मुसळ पडलं. गोजाबाई पातेलं उचलून आत गेली. प्रदीपनं लिहिलं, दोघांच्या सह्या घेतल्या. गिरिजाबाईनं सही करताना जीभ दाताखाली धरली होती. चहा घ्या म्हणून ती आग्रह करत राहिली आणि शिवानंद नको नको म्हणत राहिला.

परतताना गावाबाहेर प्रदीपनं मोटारसायकल बाजूला घेतली, बंद केली.

"बाई खोटं बोलल्या ना?"

"तुम्ही लिहिलंय की."

"लिहिलंय. पण अजून पाठवलेलं नाही."

शिवानंद रस्त्याकडं बघत राहिला. "पाठवा," तो म्हणाला. "ऊन वाढालंय. चला."

*

क्लेम नाकारल्याचं कंपनीचं पत्र आलं. दाक्षायणी ते वाचून इतकी चिडली की झेरॉक्सवाल्यानं मशीन बंद करून मागं वळून पाहिलं.

"झाड पडलं असतं तर मिळालं असतं काका! चोरीला गेली असती तर मिळालं असतं! खड्ड्यात घातली असती तरी मिळालं असतं. आणि तुम्ही स्वतःच्या तोंडानं सांगून आलात, भाडं घेत होतो म्हणून? का?"

"बाईला त्या गावात राहायचंय."

"आणि तुम्हाला?"

शिवानंदनं पत्राची घडी घातली. ती अपील करू म्हणाली, वकील बघू म्हणाली. तो तिचे आभार मानून उठला. दुरुस्तीचा खर्च त्याच्या आवाक्यातला नव्हता, त्यामुळे गाडी आहे तशी गॅरेजवाल्यालाच देऊन टाकली. दुकानात ही गोष्ट कुणीतरी सांगितली असावी. मालक एकदा मागच्या खोलीत डोकावून म्हणाला, "काय शिवानंद, साइड बिझनेस चालू होता म्हणे?" शिवानंदनं मशीन चालू केली.

सोमवार येत राहिले. तो कपडे धुवायचा, दुपारी झोपायचा.

अशाच एका सोमवारी दुपारी खालून आवाज आला. "हितं कलशेट्टी ऱ्हातेत का?"

तो धावतच जिना उतरला. गिरिजाबाई रिकामे डबे आणि फडक्यात बांधलेलं काहीतरी घेऊन दारात उभी होती. जिना चढताना ती दोनदा थांबली. वर आल्यावर तिनं दोन्ही खोल्या पाहिल्या. चंद्रव्वाचा हार घातलेला फोटो, भिंतीला टेकवलेली गादी, ओट्यावरचं एकच पातेलं. मग ती जमिनीवर बसली.

"हरिदासनं सांगितलं मला. माज्यामुळं गाडी गेली म्हनं तुजी."

"जुनीच होती मावशी."

"मला काय ठावं कंपनीचं? मला वाटलं, दिलं म्हनलं तर माजीबी अब्रू ऱ्हातीय आन् तुजीबी. उलटंच झालं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पन तू का व्हय म्हनलास? तू न्हाय म्हनायचं हुतंस."

तो पाण्याचा तांब्या घेऊन आला. ती प्याली नाही.

"मी जाते त्या सायबाकडं. खोटं बोलले म्हनून सांगते."

"मग गोजाबाईला काय सांगाल?"

तिनं डब्याचं झाकण काढून परत लावलं. बाहेर गल्लीत कुणीतरी भंगार मागत हिंडत होतं. तो आवाज हळूहळू दूर गेला.

"त्या पैशाचं मी काय केलं, इचारशील का न्हाय?"

"नाही."

"इचार की. वज्झं उतरंल माजं."

"नको, मावशी," शिवानंद म्हणाला. "काय आणलंय ते खायला द्या. सकाळपासून काही खाल्लं नाही मी."

तिनं फडकं सोडलं. दोघं भाकरी मोडून खाऊ लागले. कडक भाकरीचा आवाज त्या खोलीत मोठा वाटत होता. थोड्या वेळानं ती म्हणाली, "शेत न्हाय म्हनं तुला."

"नाही."

"मग ती तूर? ज्वारी?"

"विचारून घेत होतो लोकांना."

"मग येत कशाला हुतास रं, दर सोमवारी?"

शिवानंदनं हातातल्या भाकरीचे आणखी बारीक तुकडे केले. गिरिजाबाईनं परत एकदा खोलीवरून नजर फिरवली, सावकाश, एकेक वस्तू बघत. तिनं तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. पुढ्यातली चटणी उचलून तिनं त्याच्या ताटात घातली.

निघताना ती म्हणाली, "पुढल्या सोमवारपास्नं दुसरी बाई यील माल घिऊन. गोजाबाईनं ठरवलंय. मला आता डबं उचलत न्हाईत, म्हनतीय ती."

खरंच डबे उचलत नव्हते, की त्या दिवसापासून गटात काही बदललं होतं, हे शिवानंदला विचारावंसं वाटलं. त्यानं डबे उचलले आणि तो तिच्या पुढं जिना उतरला.

एस.टी. स्टँडवर अक्कलकोटची गाडी लागलेलीच होती. दाराशी गर्दी उसळली होती. त्यानं वाट काढून तिला वर चढवलं, डबे खिडकीतून आत दिले. तिला खिडकीची जागा मिळाली. तिनं गजांतून हात बाहेर काढला आणि त्याच्या खांद्यावर, शर्टाला लागलेलं काहीतरी झटकावं तसा, एकदा फिरवला.

"येळंवर जेवत जा."

"हो."

"भात-आमटी नगं रोज."

"नाही."

गाडी मागं सरकली, वळली आणि फाटकातून बाहेर पडली. शिवानंद फलाटावर तिथंच उभा राहिला. त्या जागी दुसरी गाडी येऊन लागली आणि पिशव्या, पोरं, गाठोडी घेऊन माणसं दाराकडं धावली. एकाचा धक्का त्याला लागला.

"ओ काका, चढायचं नसलं तर बाजूला व्हा की."

तो बाजूला झाला.